नशा सुटल्यानंतरचे पहिले नव्वद दिवस: मुलगा बरा दिसतो, पण मेंदू अजून सावरत असतो

भिंगारसारख्या गावात घराला घर लागून असतं. कुणाचा मुलगा रात्री कुठं बसतो, कुणाच्या घरी भांडण झालं, हे फार दिवस लपत नाही. मुलगा ‘पावडर’ घेतो हे कळलं की घर आधी हादरतं, मग रागावतं, मग धावपळ करतं. कुणी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करतं, कुणी चाळीस दिवसांच्या जमातीत पाठवतं, कुणी गावाकडं मामूजवळ ठेवतं. महिना-दीड महिन्यानं मुलगा परत येतो. तब्येत सुधारलेली, चेहरा उजळलेला, पाच वक्त नमाज सुरू. अम्मी शुक्र अदा करते, अब्बांचा आवाज पुन्हा मोकळा होतो. आणि नेमकं इथंच बरीच घरं समजतात की लढाई संपली.

गाडीची चावी परत दिली जाते. नवा मोबाइल येतो. खाला म्हणते, “अब सुधर गया है, इसकी शादी कर दो.” दोन-तीन महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा त्याच कट्ट्यावर दिसतो. मग घर म्हणतं की याचं ईमानच कच्चं आहे, याला लाजच नाही.

या काळात मेंदूत काय चाललेलं असतं हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या संशोधनानं बरंच स्पष्ट केलंय. त्यातली एक गोष्ट प्रत्येक घरानं लक्षात ठेवावी. नशा सोडल्यावर शरीर काही आठवड्यांत सावरतं, पण लगाम धरणारा मेंदू सावरायला महिने लागतात. मुलगा बाहेरून सर्वांत बरा दिसतो, तेव्हाच तो आतून सर्वांत मोठ्या धोक्यात असू शकतो.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन बनवणारा कारखाना उघडकीस आणला. पुणे, सांगलीजवळचं कुपवाड आणि दिल्ली इथल्या छाप्यांसह या प्रकरणात हजार किलोहून जास्त माल जप्त झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात असाच कारखाना पकडला होता. दौंड–मनमाड रेल्वेमार्ग नगरवरूनच जातो. म्हणजे एका बाजूला कुरकुंभ, दुसऱ्या बाजूला नाशिक, आणि मध्ये आपण.

एमडी म्हणजे नेमकं काय

मुलं जिला ‘एमडी’ म्हणतात ती मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारनं ती अमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएस कायद्याखाली, आणली. त्याआधी तिच्यावर कारवाई करणं पोलिसांना अवघड जायचं.

ही कॅथिनोन गटातली पावडर आहे. येमेन, इथिओपिया, सोमालिया या भागांत लोक ‘कात’ नावाच्या झुडपाची पानं चघळतात. आपल्या विड्यातला कात वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. त्या झुडपाच्या पानांत कॅथिनोन निसर्गतः असतं. सोळाव्या शतकात मक्केत राहणारे शाफई फकीह इब्न हजर अल-हैतमी यांनी या पानांवर स्वतंत्र रिसाला लिहिला आणि लोकांना त्यापासून दूर राहण्याचा सल्ला दिला. पान चघळण्याबद्दल जाणत्यांना काळजी वाटत होती, तर प्रयोगशाळेत बनलेल्या आणि थेट नाकात ओढल्या जाणाऱ्या पावडरीबद्दल वेगळं काय सांगावं.

दारू आणि अफू मेंदूला सुस्त करतात. एमडी, कोकेन आणि मेथ (मेथॅम्फेटामाइन) हे उलट्या जातीचे, उत्तेजक पदार्थ आहेत. ते मेंदूला पळवतात. झोप उडते, भूक मरते, बोलणं वाढतं, आपण काहीही करू शकतो असं वाटायला लागतं. एमडीचा असर तासा-दोन तासांत उतरायला लागतो, म्हणून एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा घ्यावीशी वाटते.

हे घडतं ते डोपामाइन नावाच्या रसायनामुळं. भूक लागल्यावर बिर्याणीचा वास आला, कुणी पाठ थोपटली, धंद्यात पहिला फायदा झाला की मेंदूत थोडं डोपामाइन सुटतं. त्याचं काम फक्त मजा देणं हे नाही. ‘हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा कर,’ असा शिक्का ते मारतं. एमडी किंवा मेथ घेतल्यावर हेच रसायन एकदम लोंढ्यासारखं सुटतं. कोकेन ते परत शोषलं जाऊ देत नाही. मार्ग वेगळे, परिणाम एकच: मेंदू या पावडरीवर जगातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वस्तूचा शिक्का मारतो. असा लोंढा रोज येऊ लागला की मेंदू स्वतःच्या बचावासाठी डोपामाइन पकडणारी केंद्रं कमी करतो. मग साध्या गोष्टींतला आनंद पोहोचायचाच बंद होतो.

पुढे ज्या अभ्यासांचा उल्लेख आहे ते मुख्यतः कोकेन आणि मेथ सोडणाऱ्यांवर झालेले आहेत. एमडी त्याच डोपामाइनच्या यंत्रणेला हात घालते, म्हणून ते इथं उपयोगी पडतात.

पहिला आठवडा: झोप, भूक आणि अंधार

१९८६ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर फ्रँक गॉविन आणि हर्बर्ट क्लेबर यांनी कोकेन सोडणाऱ्या रुग्णांच्या अवस्था मांडल्या. पहिली अवस्था कोसळण्याची. माणूस दिवस-दिवस झोपतो, उठला की अधाशासारखा खातो, परत झोपतो. मन काळवंडलेलं, चिडचिड, कशातच रस नाही. थायलंडमध्ये मेथ सोडणाऱ्या रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असंच दिसलं: पहिल्या दिवशी त्रास सर्वांत जास्त, आठवडाभरात तो पुष्कळ उतरतो, पण सौम्य त्रास त्यापुढं निदान दोन आठवडे राहतो.

घरात याचा अर्थ नेमका उलटा लावला जातो. “नशा केला तेव्हा रात्रभर जागा राहायचा, आता दुपारपर्यंत लोळतोय,” म्हणून अब्बा पांघरूण ओढतात. पण ही झोप आळसाची नसते. महिनोन् महिने पळवलेला मेंदू थकून बसलेला असतो.

२००४ मध्ये एडिथ लंडन यांच्या गटानं मेथ सोडून चार ते सात दिवस झालेल्या लोकांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. भीती आणि भावनांशी जोडलेले भाग त्यांच्यात जास्त पेटलेले होते. भावनांना आवर घालायला मदत करणारे भाग मंद होते. उदासी आणि घोर यांचा या बदलांशी संबंध दिसला. म्हणजे मुलगा “मला काहीच बरं वाटत नाही” म्हणतो तेव्हा तो नाटक करत नसतो.

याच दिवसांत दोन गोष्टींवर घराची नजर हवी.

पहिली, जीव देण्याचे विचार. “माझ्यामुळं तुम्हाला त्रास होतो, मी नसलेलंच बरं,” असं काही तो बोलला तर ते मनावर घ्या. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘तुझ्या मनात जीव द्यायचं येतंय का?’ असं सरळ विचारल्यानं धोका वाढत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते.

दुसरी, संशय आणि भास. उत्तेजक पदार्थांमुळं कुणीतरी पाठलाग करतंय, घरचेच जेवणात काही घालतायत, भिंतीतून आवाज येतायत असं वाटू शकतं. बऱ्याच घरांत याला असर किंवा जिन्न समजतात आणि आमिलांच्या फेऱ्या सुरू होतात. दुआ जरूर करा, पण डॉक्टरला उशीर करू नका. हे भास बहुतेक वेळा काही दिवसांत ते आठवड्यांत उतरतात. त्यापुढं राहिले तर वेगळे उपचार लागतात, आणि ते मानसोपचारतज्ज्ञच देऊ शकतात.

साखळीनं बांधणं तर कधीच नको. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानात आग लागली. तिथं साखळ्यांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळताच आलं नाही, ते जळून गेले. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणं कुणाही मनोरुग्णाला साखळीनं बांधण्यास मनाई आहे, आणि दारू-ड्रग्जमुळं होणारे मानसिक आजारही याच कायद्यात येतात.

डोक्यातली तीन जाळी

मेंदूतली कामं एकेकटा भाग करत नाही. दूरदूरचे भाग एकमेकांशी जोडून जाळ्यासारखं काम करतात. नशा सुटण्याच्या काळात तीन जाळी महत्त्वाची ठरतात.

पहिलं जाळं पहारेकऱ्याचं. बाहेर आणि शरीराच्या आत जे चाललंय त्यातलं कशाकडं आधी बघायचं हे ते ठरवतं. संशोधक त्याला ‘सेलियन्स नेटवर्क’ म्हणतात. नशेत हा पहारेकरी बिघडतो. त्याला जुना मित्र, ठरावीक चौक, गुंडाळलेली नोट, पांढरी भुकटी, रात्री अकराची वेळ, इतकंच दिसतं. अम्मीचे अश्रू दिसत नाहीत.

दुसरं जाळं कारभाऱ्याचं, म्हणजे ‘एक्झिक्युटिव्ह कंट्रोल नेटवर्क’. हे कपाळामागच्या भागाशी जोडलेलं असतं. थांब, उद्याचा विचार कर, नाही म्हण, हे सांगणं याचं काम. नशेच्या काळात याची पकड ढिली होते.

तिसरं जाळं आतल्या बडबडीचं, ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’. माणूस काही काम करत नसतो तेव्हा हे जोरात चालतं: जुन्या आठवणी, स्वतःबद्दलचे विचार, काय झालं असतं नि काय होईल. अमेरिकेतले संशोधक मार्कस रेचल यांनी २००१ मध्ये याला हे नाव दिलं. नशा सुटलेल्या माणसाच्या डोक्यात ही बडबड त्याच वाटेनं जाते: त्या रात्रीची आठवण, मग “मी आता वायाच गेलो,” मग “एकदाच घेऊन बघू.”

निरोगी मेंदूत काम आलं की पहारेकरी बडबड थांबवतो आणि कारभाऱ्याला जागं करतो. उत्तेजक पदार्थांच्या व्यसनात ही अदलाबदल नीट होत नाही. रीटा गोल्डस्टीन आणि नोरा वोल्कोव्ह यांनी २००२ मध्ये हे चित्र एकत्र मांडलं: व्यसनात एकीकडं नशेच्या खुणांचं महत्त्व फुगतं आणि दुसरीकडं स्वतःला थांबवण्याची ताकद घटते.

म्हणून रिकामा बसलेला मुलगा जास्त धोक्यात असतो. हात कामात असले की बडबडीला जागा कमी मिळते. आपले बुजुर्ग रिकाम्या डोक्याबद्दल जे सांगत आले, ते इथं अगदी लागू पडतं.

चाळीस दिवसांनंतर काय होतं

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्याला वाटतं की दिवस जातील तशी तलब कमी होत जाईल. मुलाला स्वतःलाही तसंच वाटतं. पण मेंदू वेगळं सांगतो.

२००१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत उंदरांवरचा एक प्रयोग आला. कोकेनची सवय लागलेल्या उंदरांना ते देणं बंद केलं आणि वेगवेगळ्या दिवसांनी कोकेनशी जोडलेल्या खुणा दाखवल्या. ओढ पहिल्या दोन महिन्यांत कमी होण्याऐवजी वाढत गेली. संशोधकांनी याला तलब ‘उबवणं’ म्हटलं. कोंबडीखालच्या अंड्यासारखी ती आत राहते, बाहेरून काहीच दिसत नाही.

माणसांत असं होतं का? २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी कोकेन सोडलेल्या ७६ जणांना कोकेनशी संबंधित चित्रं दाखवून त्यांच्या मेंदूच्या विद्युतलहरी मोजल्या. कुणाला सोडून दोन दिवस झाले होते, कुणाला वर्ष. जितके दिवस जास्त, तितकी “मला आता ओढ वाटत नाही” असं सांगणारे जास्त. पण मेंदूचा प्रतिसाद एक ते सहा महिने झालेल्यांत सर्वांत तीव्र होता.

म्हणजे “अम्मी, मला आता काहीच वाटत नाही” असं म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच वाटत नाही. पण खूण समोर आली की मेंदू पेट घेतो.

जमातीचा प्रश्न इथं येतो. चाळीस दिवस घरापासून दूर, जुने मित्र नाहीत, मोबाइल कमी, वेळेवर उठणं, नमाज, चांगली संगत. या सगळ्याचा फायदा होतो, कारण त्या दिवसांत नशेच्या खुणा समोर येतच नाहीत. पण तिथं डॉक्टर नसतो, आणि पहिल्या आठवड्यातली उदासी किंवा भास सांभाळण्याची तयारी सोबत्यांकडं नसते. म्हणून अगदी सुरुवातीला थेट पाठवू नये, आधी डॉक्टरला दाखवावं. आणि मुलगा चाळीस दिवसांनी परत येतो तेव्हा तो तलब उबण्याच्या ऐन काळात, त्याच गल्लीत, त्याच मित्रांसमोर उभा असतो. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेल्या मुलालाही हेच लागू. खरी देखभाल परतीच्या दिवसापासून सुरू व्हायला हवी, आणि आपण नेमकी तेव्हाच ती थांबवतो.

या काळात निकाह नको

मार्टिन पॉलस यांच्या गटानं २००५ मध्ये मेथ सोडून तीन-चार आठवडे झालेल्या ४६ पुरुषांना एक साधा, दोन पर्यायांतून एक निवडायचा खेळ दिला आणि त्या वेळी मेंदूचं कार्य तपासलं. मग साधारण वर्षभर त्यांच्यापैकी ४० जणांचा माग ठेवला. ४० पैकी १८ जण पुन्हा नशेकडं वळले. निवड करताना ज्यांच्या मेंदूतले काही ठरावीक भाग कमी कामाला लागले होते, तेच पुढं बहुतांशी घसरले. म्हणजे तीन-चार आठवड्यांनंतरही अनेकांची निर्णय घेण्याची यंत्रणा पुरती ठिकाणावर आलेली नसते.

आता समजा, याच दिवसांत घरानं त्याचं लग्न ठरवलं. दहा माणसांची ये-जा, पैशांचा व्यवहार, मित्रांच्या रात्री, नवी जबाबदारी, सासरच्यांच्या अपेक्षा. सावरत्या मेंदूवर इतका ताण कोण टाकेल? आणि त्या मुलीचं काय? तिच्या वालिदैनला खरं सांगितलंय का? निकाह हा करार आहे. त्यात इतकी मोठी गोष्ट लपवणं म्हणजे त्या मुलीशी धोका. औषध म्हणून सून आणायची रीत बंद व्हायला हवी. नशा सुटून किमान वर्ष जाऊ द्या, मुलगा कमावता होऊ द्या, डॉक्टरांचं मत घ्या, आणि मग मुलीकडच्यांना खरं सांगूनच बोलणी करा.

हीच गोष्ट धंद्यासाठी मोठी रक्कम देण्याची, नवी गाडी घेण्याची, मुलाच्या नावावर कर्ज काढण्याची. मोठे निर्णय पुढं ढकला.

मेंदू सावरतो, पण वेळ घेतो

ही बाजूही तितकीच खरी आहे. नोरा वोल्कोव्ह यांच्या गटानं २००१ मध्ये मेथ सोडलेल्या काही जणांच्या मेंदूची तपासणी दोनदा केली. आधी थोडे महिने झाल्यावर, मग १२ ते १७ महिने दूर राहिल्यावर. पहिल्या तपासणीत डोपामाइन उचलणाऱ्या वाहकांची संख्या घटलेली होती. दुसऱ्या वेळी ती बरीच भरून आली होती. स्मरणशक्ती आणि हालचालींची चपळाई मात्र तितक्या वेगानं सुधारली नव्हती. अभ्यास छोटा होता, पण दिशा स्पष्ट आहे: दुरुस्ती होते, आणि ती वर्षाच्या हिशेबानं होते.

व्यायामाचाही उपयोग दिसला आहे. लॉस एंजेलिसमध्ये उपचार घेणाऱ्या मेथच्या रुग्णांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा तासभर व्यायाम केला. त्यांच्या मेंदूत डोपामाइन पकडणारी केंद्रं वाढलेली आढळली. ज्यांना फक्त आरोग्यशिक्षण दिलं त्यांच्यात तसं झालं नाही. भिंगारच्या मुलाला यासाठी महागडी जिम लागत नाही. फजरनंतर अब्बा किंवा भाईसोबत तासभर झपझप चालणं, सायकल, मैदानावरचा खेळ पुरे. सोबत कुणीतरी असावं, इतकंच. दीर्घकाळ नशा केली असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, कारण हे पदार्थ हृदयावरही ताण देतात.

घरानं काय करावं

पहिले दोन आठवडे: झोपू द्या, खाऊ घाला, प्रश्न कमी विचारा. जुना हिशेब काढू नका. एकटं सोडू नका. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. एमडी सोडवणारी खास मंजूर गोळी नाही, त्यामुळं “एका इंजेक्शनमध्ये नशा बंद” असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. उदासी, झोप, भास यांवर मात्र औषधं असतात आणि ती उपयोगी पडतात.

तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत: दिवसाला आकार द्या. उठणं, नमाज, व्यायाम, काम, जेवण, झोप यांची वेळ ठरलेली असावी. पैसे हातात थोडेच द्या. मोबाइलमधले जुने नंबर त्याच्याच संमतीनं काढून टाका, नंबर बदला. जुना चौक टाळून जायचा रस्ता ठरवा. समुपदेशनाची एकही फेरी चुकवू नका. तलब आली तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा: कुणाला फोन करायचा, कुठं जायचं. तलबेची लाट बहुतेकदा काही वेळात ओसरते. तेवढा वेळ सोबत कुणी असलं की पुष्कळ झालं.

छोट्या यशाचं कौतुक करा. उत्तेजक पदार्थांच्या व्यसनात जगभर सर्वांत जास्त उपयोगी ठरलेली पद्धत अशी आहे: लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस. सावरत्या मेंदूला “पाच वर्षांनी तुझं भलं होईल” हे ऐकू येत नाही. “या जुम्याला तुझ्या आवडीचं जेवण” हे ऐकू येतं. रोख रक्कम मात्र बक्षीस म्हणून देऊ नका.

रमजान याच काळात आला तर रोजा ठेवण्याबद्दल डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारा. बीमार माणसाला दीननं सवलत दिलेली आहे, रोजे नंतर पूर्ण करता येतात. तरावीहनंतरची रात्र रस्त्यावर जाऊ नये याकडं लक्ष ठेवा. तुटलेली झोप आणि उशिराची वेळ या दोन्ही गोष्टी तलबेला हात देतात.

घरच्यांनीही स्वतःसाठी मदत घ्यावी. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीनं. तिथं रुग्णाइतकंच त्याच्या घराकडं बघितलं जातं, आणि व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. आपल्याकडं हा भार सहसा अम्मी किंवा बायको एकटीच उचलते, आणि ‘बाहेर सांगू नको’ म्हणून तिचंच तोंड बंद केलं जातं. ते थांबवा.

कायद्याच्या भीतीनं उपचार टाळू नका. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणं, स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेनं सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढूनही घेता येतं. विक्री करणाऱ्याला ही सवलत नाही.

पुन्हा घसरला तर

इतकं करूनही मुलगा एकदा घसरू शकतो. तेव्हा घर काय बोलतं यावर पुढचं पुष्कळ ठरतं. “तू कधीच सुधारणार नाहीस” हे वाक्य त्याच्या डोक्यातली बडबड आधीच रोज म्हणत असते, आपण त्यात आवाज मिसळायला नको. त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशकाला फोन करा आणि कोणत्या खुणेनं पाय घसरला ते शांतपणे शोधा. एका चुकीनं आधीचे साठ दिवस पुसले जात नाहीत.

बुखारी शरीफमध्ये हजरत उमर (रजि.) यांच्याकडून एक वाकया आलेला आहे. एका माणसाला शराब पिण्याबद्दल वारंवार हुजूर (स.) यांच्यासमोर आणलं जाई, त्याला सजाही होई. एकदा जमलेल्यांपैकी कुणीतरी त्याच्यावर लानत केली. तेव्हा हुजूर (स.) यांनी तसं करायला मना केलं, आणि या माणसाला अल्लाह आणि रसूल यांच्याबद्दल मोहब्बत असल्याची ग्वाही दिली. गुन्हा हा गुन्हाच राहिला, पण माणसाला टाकून दिलं गेलं नाही.

मोहल्ल्याचंही काही काम आहे. मशिदीच्या पहिल्या सफमध्ये उभा राहिलेल्या मुलाकडं बघून कुजबुज करण्यापेक्षा त्याला कामावर ठेवणारं एखादं गॅरेज, एखादं दुकान शोधून द्यावं. हाताला काम, सोबत एक जबाबदार माणूस आणि महिन्याला डॉक्टरची फेरी, हे जुळलं तर नव्वद दिवस निघतात. मग वर्षही निघतं.

मदतीसाठी: राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. मानसिक त्रास, उदासी किंवा जीव देण्याचे विचार असतील तर टेली-मानस १४४१६. तातडीचा धोका असेल तर ११२. दोन्ही हेल्पलाइनवर फोन मोफत आहे. मुलानं फोन केला नाही तरी घरचं कुणीही करू शकतं.